बारा हजार आठशे तीस किलो आणि १९ क्रमांकाचे अक्षर

नागपूरच्या कळमना बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका वजनकाट्याची संगणकप्रणाली मी सांभाळतो. अंबिया बहाराच्या संत्र्यांच्या गाड्यांची रांग लागलेली असताना तेथील मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, काटा पुन्हा अटकला." वास्तविक काटा ठीक होता आणि त्याच्या डब्यावर लाल आकड्यांत वजनही दिसत होते. अडकत होता तो आमचा संगणक. पंधरा-वीस गाड्या विनातक्रार निघून जात आणि मग एखाद्या गाडीचे वजन पडद्यावर येतच नसे. त्यानंतर कितीही वेळा बटण दाबले तरी काट्याचा डबा उत्तर देत नसे. संगणक बंद करून चालू करणे एवढाच उपाय उरे. काही गाड्यांच्या बाबतीत आणखी विचित्र प्रकार घडे: संगणक अडकत नसे, पण वजनही स्वीकारत नसे, आणि मुनीमजी चालकाला पुन्हा काट्यावर यायला लावत. दरम्यान दहा-वीस किलोंचा फरक पडला की वजन निमूटपणे नोंदले जाई.

अडलेल्या गाड्यांची वजने मी मुनीमजींना वहीत लिहून ठेवायला सांगितले. त्यांतले एक १२,८३० किलो होते, आणि नाकारल्या गेलेल्यांपैकी एक १२,८१०. काट्याचा डबा सिरियल पोर्टवरून, म्हणजे एकामागून एक अक्षर पाठवणाऱ्या जोडणीवरून, अधिकचिन्ह, पाच अंक आणि शेवटी पडताळणीसाठी एक बाइट पाठवतो. हा बाइट म्हणजे आधीच्या सहा अक्षरांचा एक्सॉर, म्हणजे त्यांच्या संकेतांकांची बिट-बिट तुलना करून काढलेला एक आकडा. कागदावर हिशेब मांडला तेव्हा १२,८३० साठी तो १९ निघाला आणि १२,८१० साठी १७. टर्मिनलशी, म्हणजे संगणकाला अक्षरांत आज्ञा देण्याच्या पडद्याशी, ज्यांचा संबंध आला आहे त्यांना हे दोन आकडे लगेच ओळखू येतील. १९ म्हणजे कंट्रोल-एस, म्हणजे थांबा. १७ म्हणजे कंट्रोल-क्यू, म्हणजे चालू द्या. पोर्ट उघडताना मी ओळीओळीने वाचण्याची पद्धत बंद केली होती, पण लिनक्समध्ये मुळातच चालू असणारा आयएक्सऑन हा झेंडा, म्हणजे आत आलेल्या "थांबा" आणि "चालू द्या" या अक्षरांचे पालन करायला लावणारी खूण, उतरवायला विसरलो होतो. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, पडताळणीचा बाइट "थांबा" म्हणून गिळला आणि आमचे पाठवणे रोखून धरले. बाइट १७ असला तर तोही गिळला जाई, पण पाठवणे थांबत नसे; फक्त संदेश अपुरा राही आणि वजन नाकारले जाई. डबा विचारल्याशिवाय बोलत नाही, आणि विचारणारे तोंड बंद झालेले. १७ येऊन सुटका होण्याचा मार्गही त्यामुळे उरला नव्हता.

चूक माझी होती, आणि ती एका ओळीत दुरुस्त झाली. तरीही ही अक्षरे नेमकी कोणाची आहेत, हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी मानके काढून वाचली. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या १९६३ च्या आस्की संकेतावलीत १७ ते २० ही चार स्थाने केवळ उपकरण-नियंत्रणासाठी राखून ठेवलेली आहेत. टेलिटाइप मॉडेल ३३ या सेकंदाला दहा अक्षरे छापणाऱ्या यंत्राने त्यांपैकी १७ ला कागदी फितीचा वाचक सुरू करण्याचे आणि १९ ला तो बंद करण्याचे काम दिले. एक्सऑन आणि एक्सऑफ ही नावे तिथली. टर्मिनलच्या नियंत्रण-अक्षरांचे अर्थ ठरवणाऱ्या एक्मा-४८ या मानकाची १९९१ ची पाचवी आवृत्ती आजही मुळात तेच सांगते: चौघांतले पहिले अक्षर (१७) जोडउपकरण सुरू करण्यासाठी, तिसरे (१९) बंद करण्यासाठी किंवा थोडे थोपवून धरण्यासाठी, आणि त्या कामाला लागत नसतील तर दुसऱ्या एखाद्या उपकरण-नियंत्रणासाठी वापरावीत. ज्या कामासाठी सारे जग ही अक्षरे ओळखते, त्या प्रवाह-नियंत्रणाचा, म्हणजे येणारा मजकूर थांबवण्या-सोडण्याचा, उल्लेख तिथे फक्त एका टिपेत आहे, आणि तोही "कधी कधी असे म्हणतात" अशा सुरात. मला ही टीप फार प्रामाणिक वाटते. घरात कोणी राहायला आले आहे हे मान्य, पण त्याचे नाव दारावरच्या पाटीवर नाही.

काम बदलले तसे मालकही बदलले. फितीच्या वाचकाला थांबवणारे अक्षर पडद्याच्या टर्मिनलवर दोघांच्या हाती गेले. वर सरकणारा मजकूर वाचता यावा म्हणून माणूस कंट्रोल-एस दाबतो, आणि आपली साठवण भरत आली म्हणून टर्मिनलही स्वतःहून तेच अक्षर पाठवते. दोन्ही वेळा पलीकडच्या संगणकाला दिसते ते १९ च. समजा, मी मजकूर थांबवला आणि त्याच वेळी टर्मिनलनेही थांबा म्हटले. थोड्या वेळाने त्याची साठवण रिकामी झाली आणि त्याने १७ पाठवले, तर माझी इच्छा नसताना मजकूर पुन्हा धावू लागेल. यात तोड काढायचीच तर टर्मिनलने स्वतःच दोन्हींचा हिशेब ठेवायला हवा. संगणकाच्या बाजूने ते शक्यच नाही.

युनिक्सच्या धर्तीवरील प्रणालींसाठी असलेल्या पॉझिक्स या मानकाने ही गुंतागुंत निदान शब्दांत मांडली, पण जिथे तंटा होऊ शकतो तिथे तोही सावध होतो. तो म्हणतो की ही अक्षरे आत येताना आणि बाहेर जाताना दोन्हीकडे विशेष आहेत आणि आयएक्सऑन किंवा आयएक्सऑफ (संगणकाने स्वतः ही अक्षरे पाठवून समोरच्याला थोपवण्याचा झेंडा) लावलेला असेल तर ओळखली जातात. यातला "किंवा" दोन तऱ्हांनी वाचता येतो. पहिला झेंडा आत येणाऱ्या अक्षरांपुरता आणि दुसरा बाहेर जाणाऱ्यांपुरता, असा समंजस अर्थ लावला तर सगळे जुळते. पण वाक्य शब्दशः घेतले तर केवळ आयएक्सऑफ लावलेल्या पोर्टवरही आत आलेला माझा पडताळणीचा बाइट गिळला जावा. झेंड्यांच्या स्वतंत्र वर्णनामुळे पहिलाच अर्थ बरोबर ठरतो, हे मला मान्य आहे. मात्र ती दोन्ही वर्णने शेजारी ठेवून वाचणारा माणूस विरळा.

आयएक्सएनी या तिसऱ्या झेंड्याचे तसेच. हा झेंडा असेल तर कोणतेही अक्षर थांबलेला मजकूर पुन्हा सुरू करते. मग थांबलेले असताना पुन्हा कंट्रोल-एस दाबले तर? तेही "कोणतेही अक्षर" आहेच. लिनक्स त्याला अपवाद मानतो, आणि व्यवहारात तेच शहाणपणाचे आहे. फ्रीबीएसडी (बीएसडी या जुन्या युनिक्सच्या वंशातली प्रणाली) आणि मॅक यांच्यात हा झेंडा मुळातच लावलेला असतो, लिनक्सवर नसतो. म्हणून मॅकवर सवयीने कंट्रोल-एस दाबणाऱ्याला काही झाल्याचे कळतही नाही, आणि लिनक्सवर तोच माणूस टर्मिनल मेले असे समजून खिडकी बंद करतो. नवख्या मुलांकडून हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता त्यांचा चेहरा बघूनच मी "कंट्रोल-क्यू" म्हणतो.

थांबा आणि चालू या दोन्हींना एकच अक्षर नेमले तर काय व्हावे, याचे उत्तर पॉझिक्स देतो, पण ते "परिणाम अनिश्चित" असे आहे. जुन्या बीएसडीच्या आज्ञावलीत त्या ठिकाणी एक आड-एक चालू-बंद होईल अशी खास सोय केलेली आहे. लिनक्स आधी "चालू" हे अक्षर तपासतो, त्यामुळे तिथे ते अक्षर कधीच थांबवू शकत नाही. दोन्ही मानकाला धरून आहेत. प्रोग्रॅमने टीसीफ्लो या आज्ञेने स्वतः थांबवलेला मजकूर कंट्रोल-क्यूने सुटावा का, यावरही दोघांचे पटत नाही: फ्रीबीएसडी दोन्ही थांब्यांसाठी एकच खूण ठेवतो, म्हणून तिथे सुटतो, लिनक्स प्रोग्रॅमच्या थांब्याची वेगळी नोंद ठेवतो, म्हणून सुटत नाही. "चालू" या अक्षराने "थांबा" या अक्षराने रोखलेला मजकूर सुरू करता येतो, एवढेच मानक म्हणते.

दूरच्या संगणकावर काम करू देणाऱ्या टेलनेटच्या लोकांना हा प्रश्न लवकर जाणवला असावा. १९८८ मध्ये प्रवाह-नियंत्रण दूरवरून चालू-बंद करण्याचा पर्याय त्यांनी मांडला, आणि १९९२ च्या सुधारित मसुद्यात, म्हणजे आरएफसी १३७२ मध्ये, आणखी दोन आज्ञा घातल्या: कोणत्याही अक्षराने सुरू करा, किंवा फक्त एक्सऑननेच सुरू करा. संदिग्धता मिटवायची ही पद्धत मला सर्वांत पटते. सेवा देणारा आणि घेणारा यांनी अंदाज बांधण्याऐवजी एकमेकांना सांगून टाकावे.

काट्याच्या डब्याच्या उत्पादकालाही मी पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले की पडताळणीचा बाइट शून्य ते २५५ पैकी काहीही असू शकतो असे त्यांच्या पुस्तिकेत छापलेले आहे. ते खरे होते, तळटिपेत होते. आता आमच्या चाचणीत +१२८३० आणि +१२८१० हे दोन संदेश कायमचे आहेत. मुनीमजींना मी सगळे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी वही मिटली आणि विचारले, "म्हणजे गाडी परत फिरवायची गरज नव्हती?"