दांड्यांची साक्ष

फेब्रुवारीच्या लग्नसराईत माझ्या फोनला उसंत नसते. फूलउत्पादकांच्या एका गटासाठी मी मालाची प्रत तपासते. भांडण झालं की दोन्ही बाजू मलाच बोलावतात. त्या दिवशी सकाळी सिंहगड रस्त्यावरच्या एका डेकोरेशनवाल्या शेठचा फोन आला. "मॅडम, ग्लॅडिओलस सगळा वाकडा आलाय. संध्याकाळी रिसेप्शन आहे. एक रुपया देणार नाही."

माल पुरंदरच्या अण्णांचा होता. मी पोचले तेव्हा अण्णा गोडाऊनच्या दारातच उभे होते, टोपी हातात, म्हणजे पारा चढलेला. "ताई, बांधावरून निघाला तेव्हा माल सरळ होता. बादल्यांत उभा करून दिला मी."

आत पत्र्याखाली खोके रचलेले. वरचा उघडला. दांडे दोन तृतीयांश लांबीपर्यंत सरळ आणि कळ्यांजवळची वीतभर लांबी सरळ वर वळलेली. सुपरवायझर म्हणाला, "पाणी कमी पडलंय किंवा रोग आहे." तसं असतं तर शेंड्यांनी मान टाकली असती. हे शेंडे हाताला ताठ लागत होते. मरगळलेला दांडा खाली लोंबतो, हे वर चढले होते. माझ्यासाठी अर्धं प्रकरण तिथेच मिटलं.

शेठना समजावताना मी शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातलं प्रॅक्टिकल सांगितलं. दांड्याचा पातळ काप घेऊन आयोडीन टाकलं की सालीच्या आतल्या बाजूला पेशींचा एक थर काळानिळा दिसतो. त्या पेशींत स्टार्चचे जड कण असतात. दांडा आडवा केला की बाटलीतल्या वाळूसारखे ते काही मिनिटांत खालच्या बाजूला येऊन बसतात. मग ऑक्सिन हे संप्रेरक दांड्याच्या खालच्या अंगाला जास्त जातं, तिकडच्या पेशी जास्त लांबतात आणि शेंडा वर उचलला जातो. झाडाच्या मुळांमध्ये याच्या उलट होतं. तिथे जास्त ऑक्सिनने वाढ मंदावते, म्हणून मूळ खाली वळतं.

"पण कापलेला आहे ना तो?" शेठ म्हणाले. प्रश्न रास्त होता. कापला तरी शेंड्याकडच्या पेशी जिवंत असतात, त्यांची वाढ चालू असते. गरम हवेत तर हे काम झपाट्याने होतं. प्रयोगशाळेत अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या रोपाचा फुलोऱ्याचा दांडा 23 अंशांना साधारण दीड तासात काटकोनात वळतो. 4 अंशांना वळणं थांबतं. ग्लॅडिओलसचा वेग वेगळा असेल, पण पत्र्याच्या गोडाऊनमध्ये अर्धा दिवस त्याला पुरतो.

मग मी उरलेले खोके न हलवता, जागच्या जागी उघडायला लावले. प्रत्येक खोक्यात शेंडे झाकणाकडे वळलेले, भिंतीला टेकलेल्या खोक्यातही आणि मधल्या थरातल्या खोक्यातही. माल खोक्यात भरण्याआधी वाकला असता तर शेंडे चहूकडे गेले असते. इथे सगळ्यांचं "वर" एकच होतं, खोक्याचं. गोडाऊनमधल्या पोराला विचारलं तर त्याने सरळ सांगून टाकलं. पहाटे माल उतरला, बादल्या दुसऱ्या साइटच्या गुलछडीने अडवल्या होत्या, म्हणून ग्लॅडिओलस आडवा भरून ठेवला.

अण्णांच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागलं, तेवढ्यात शेवटच्या खोक्यातल्या गड्ड्या हाती लागल्या. त्यांना दोन वळणं होती. खालचं वळण कुशीकडे, त्याच्या वरचं झाकणाकडे. दांड्याचा जो भाग वाढून संपतो तो वळतो तेव्हाचा कल कायमचा धरून ठेवतो. पुढे दिशा बदलली तर फक्त वाढता शेंडा नव्याने वळतो. म्हणजे हे दांडे आधी वेगळ्या बाजूवर आडवे पडले होते आणि नंतर खोक्यात. अण्णांनी तिथूनच टेम्पोवाल्याला फोन लावला. तो आधी ऐकेना. मग कळलं, गुलटेकडीच्या मार्केट यार्डात झेंडूचे क्रेट उतरेपर्यंत त्याने काही बादल्या काढून गड्ड्या बाजूला कलत्या टेकवल्या होत्या. "थोडंच तिरकं होतं हो!"

थोडं तिरकंही पुरतं. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं की पेशीतले हे स्टार्चचे कण सतत खळबळत असतात, त्यामुळे किंचित कल झाला तरी ते खालच्या बाजूकडे सरकतात. वाळूचा ढीग ठराविक उतार येईपर्यंत घट्ट राहतो. हे कण तसे राहत नाहीत. टेम्पोवाल्याला हे कुणी फोनवर सांगावं? मी सांगितलं नाही, अण्णांनी आपल्या भाषेत सांगितलं.

शेठकडे आणखी एक तक्रार होती. काही गड्ड्यांचे दांडे आखूड आणि जाड होते, "हलका माल मिसळलाय." मी अण्णांना विचारलं, हे कुठल्या सरींचे? पठाराच्या उघड्या कडेचे. तिथे वारा दिवसभर झोडपतो. रोप वारंवार हललं, घासलं गेलं की लांबी आवरतं आणि दांडा जाडावतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जॅफ यांनी 1973 मध्ये रोपांची खोडं रोज हाताने चोळून हेच दाखवलं. काही भाजीपाला रोपवाटिकांत रोपं लांबट होऊ नयेत म्हणून त्यांच्या शेंड्यांवरून काठी किंवा पाइप हलकेच फिरवतात तेही याच कारणाने. त्या कडेला पाणीही कमी पोचत असेल, तेवढं मी शेठसमोर बोलले नाही. आखूड दांड्यांचा दर कमी धरावा, मालात खोट नाही, असं माझं मत पडलं.

संध्याकाळचा प्रश्न उरलाच होता. गोडाऊनमधल्या एका जुन्या फुलारी मावशींनी तो चुटकीसरशी सोडवला. सरळ दांडे उंच रचनेत, वाकडे कमानीच्या खांबांना बाहेरच्या अंगाने. ज्यांचा शेंडा फारच वळला होता त्यांचा तो खुडला. सजावट बरी दिसली म्हणे. मी थांबले नव्हते.

शेठनी बहुतेक रक्कम दिली. दोन वळणांच्या गड्ड्यांचे पैसे टेम्पोच्या भाड्यातून कापायचं ठरलं. यापुढे दांडे उभे ठेवायला उंच क्रेट कुणी विकत घ्यायचे यावर मात्र एकमत झालं नाही. अण्णांचं म्हणणं, शेठने. शेठचं म्हणणं, टेम्पोवाल्याने. टेम्पोवाला तर फोनच उचलत नव्हता.