मित्रांमध्ये आणि कामाच्या ठिकाणी साक्ष

साक्ष देणे, म्हणजे आपल्या ख्रिस्ती विश्वासाविषयी इतरांना सांगणे, म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर व्यासपीठ, पत्रके किंवा ठरवून घेतलेली एखादी भेट उभी राहते, आणि हे काम पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, आपले नव्हे, असे म्हणून आपण मोकळे होतो. बायबलच्या नव्या करारात मात्र वेगळे दिसते. येशूवर विश्वास ठेवणाऱ्या स्तेफनाच्या वधानंतर यरुशलेमेतील ख्रिस्ती मंडळीचा छळ सुरू झाला तेव्हा प्रेषित, म्हणजे येशूने नेमलेले शिष्य, शहरातच राहिले आणि पांगलेले सामान्य विश्वासी जातील तेथे येशूविषयीची सुवार्ता सांगत गेले, अशी नोंद प्रेषितांच्या कृत्यांच्या 8व्या अध्यायात आहे. करिंथ या ग्रीक शहरात प्रेषित पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहिला तो तिघांचाही धंदा तंबू करण्याचा होता म्हणून. आणि पुढे याच जोडप्याने अपुल्लोसासारख्या विद्वान वक्त्याला चारचौघांत न खोडता आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला.

माझ्या मते सहजपणे साक्ष देण्याची सुरुवात काही नवे बोलण्यापासून होत नाही, तर आपण जे नेहमी गाळतो ते गाळणे थांबवण्यापासून होते. सोमवारी सहकारी सुट्टी कशी गेली असे विचारतो तेव्हा आपण झोप, पाहुणे, घरातली कामे हे सगळे सांगतो आणि उपासनेला गेलो होतो एवढेच वगळतो. यात खोटेपणा नसतो, सावधपणा असतो. पण अशी वर्षे गेली की रोज शेजारी बसणाऱ्या माणसालाही आपल्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठाऊक नसते. ‘उपासनेला गेलो होतो, संदेश क्षमेविषयी होता आणि तो मला जड गेला’ एवढे एक वाक्य पुरेसे असते. समोरच्याने पुढे विचारले तर बोलावे, त्याने विषय बदलला तर आपणही बदलावा.

पेत्राच्या पहिल्या पत्रातील 3:15 हे वचन या संदर्भात वारंवार सांगितले जाते, परंतु त्याचा निम्माच भाग आपल्या लक्षात राहतो. आपल्या ठायी असलेल्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर देण्यास सिद्ध असावे, असे पेत्र म्हणतो. म्हणजे आशा आधी दिसलेली असते, प्रश्न नंतर येतो आणि उत्तर त्याच्याही नंतर, तेही सौम्यतेने व आदराने. लगेच पुढच्या वचनात तो शुद्ध विवेकभाव आणि चांगले वर्तन यांच्याकडे वळतो, आणि कामाच्या ठिकाणी हे फार व्यावहारिक ठरते, कारण जो दुसऱ्याच्या कामाचे श्रेय स्वतःकडे घेतो त्याचे प्रार्थनासभेचे निमंत्रण कोणी मनावर घेत नाही, आणि घेऊही नये.

प्रार्थनेविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. एखादा सहकारी आजारपण किंवा घरातला ताण सांगतो तेव्हा ‘तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?’ असे विचारणे बहुतेकांना आवडते, मग त्यांची श्रद्धा कोणतीही असो. मात्र विचारले की खरोखर प्रार्थना करावी, आणि काही दिवसांनी आठवणीने विचारपूसही करावी. दुसरी गोष्ट आपल्या मंडळींत फारशी बोलली जात नाही: सहकाऱ्याने विश्वासाने सांगितलेली अडचण त्याच्या नावानिशी प्रार्थनागटात मांडणे हा विश्वासघात आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. नाव आणि तपशील न सांगताही मध्यस्थीची प्रार्थना करता येते. देवाला तो माणूस कोण हे सांगावे लागत नाही.

आणखी एक मर्यादा मला पाळावीशी वाटते. ज्याची रजा, बढती किंवा कामाचे मूल्यमापन आपल्या हातात आहे, त्याच्यापुढे श्रद्धेचा विषय आपण होऊन काढू नये. त्याचा होकार मनापासूनचा आहे की भिडेपोटी दिलेला, हे आपल्याला कधीच कळणार नाही. वरिष्ठांनी याबाबत अधिकच मितभाषी असावे.

ऐकण्याची बाजूही तितकीच मोठी आहे. अथेनैत, म्हणजे अथेन्समध्ये, पौलाचा आत्मा मूर्ती पाहून संतापला होता, तरीही अरियपग या तेथील सभेपुढे बोलताना त्याने लोकांच्या भक्तिभावाचा उल्लेख केला, ‘अज्ञात देवाला’ अर्पण केलेल्या वेदीपासून सुरुवात केली आणि त्यांच्याच कवींचा दाखला दिला. हे नुसत्या वक्तृत्वाने जमत नाही. त्यासाठी शहरातून हिंडून नीट पाहिलेले असावे लागते. आपल्यापैकी किती जणांनी मित्राला ‘तू प्रार्थना करतोस तेव्हा काय मागतोस?’ असे विचारून उत्तर शेवटपर्यंत, मधे न तोडता, ऐकले आहे? त्या दिवशी पौलाची काहींनी थट्टा केली, काही जण पुन्हा ऐकू म्हणाले, आणि दिओनुस्य, दामारी व आणखी काही जणांनी विश्वास ठेवला. पौल तेथून निघून गेला. थट्टा करणाऱ्यांच्या मागे तो लागला नाही.

सर्व प्रश्नांची उत्तरे पाठ असावी लागतात ही भीती मात्र निराधार आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायातील, येशूकडून दृष्टी मिळालेल्या माणसाला परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी धर्मपुढारी, धर्मशास्त्राच्या पेचात पकडू पाहतात, तेव्हा येशू पापी आहे की नाही हे मला ठाऊक नाही, पण मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढेच तो सांगतो. निष्पापांना दुःख का, असे कोणी विचारले तर मला कळत नाही असे म्हणण्यात कमीपणा नाही. बायबलमधील निष्पाप पण दुःखात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोवर सारे ठीक होते; बिघडले ते त्यांनी स्पष्टीकरणे द्यायला सुरुवात केल्यावर.

आणि ज्याला हे नको आहे त्याचे काय? सर्व विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये, हे येशूचे सांगणे ऐकून श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशूने अटी शिथिल करून त्याला परत बोलावले नाही. मात्र त्याआधी येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रेम केले, असे मार्क आपल्या शुभवर्तमानात आवर्जून लिहितो. माझ्या एका जवळच्या मित्राने या विषयात आपल्याला रस नाही असे स्पष्ट सांगितले, त्यानंतर मी तो विषय त्याच्याकडे काढलेला नाही, आणि आमच्या मैत्रीत त्यामुळे काही उणे आलेले नाही. मी त्याच्यासाठी प्रार्थना करतो हे त्याला माहीत आहे, कारण एकदा त्यानेच विचारले होते.