सिंथ बदलला तरी नॉब तेच: लाइव्ह सेटअपची प्रगती

मंडळी, एकास एक मॅपिंग, म्हणजे कंट्रोलरच्या एका नॉबला सिंथचं एकच पॅरामीटर जोडणं, मी माझ्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या सेटमधून जवळपास हद्दपार केलंय. (सिंथ म्हणजे आवाज निर्माण करणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, कंट्रोलर म्हणजे ते चालवणारा नॉबांचा पॅनल.) हा नॉब या सिंथचा कटऑफ (फिल्टर ज्या वारंवारतेवर आवाज कापतो ती), तो नॉब त्या सिंथचा रेझोनन्स (त्या वारंवारतेवरचा उठाव), अशी वाटणी घरी बसून ट्रॅक बनवताना ठीक असते. लाइव्हमध्ये वाद्य बदललं की हाताला सगळं नव्याने शोधावं लागतं, आणि तेवढ्यात चार बार (तालाचे खंड) निघून जातात.

आता प्रत्येक सॉफ्टवेअर सिंथ एबलटन लाइव्ह या संगीत सॉफ्टवेअरच्या इन्स्ट्रुमेंट रॅकमध्ये (वाद्य आणि इफेक्ट्स एकत्र ठेवणारा डबा) आहे आणि कंट्रोलर फक्त मॅक्रोंशी, म्हणजे एकाच वेळी अनेक पॅरामीटर हलवणाऱ्या रॅकच्या नॉबांशी, बोलतो. लाइव्ह ११ पासून (२०२१) रॅकला १६ मॅक्रो मिळतात, पण मी जुन्या ८ वरच थांबलोय. त्यांची नावं पॅरामीटरवरून न ठेवता कामावरून ठेवली: उजेड, धार, लांबी, गर्दी, थरथर वगैरे. 'उजेड' कायम वरच्या ओळीत डावीकडून पहिला. एफएम सिंथवर (एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवणारा) तो मॉड्युलेशनची पातळी वाढवतो, सबट्रॅक्टिव्हवर (फिल्टरने आवाज कापून घडवणारा) कटऑफ उघडतो, सॅम्पलरवर (ध्वनिमुद्रित आवाज वाजवणारा) फिल्टरसोबत थोडं सॅच्युरेशनही (हलकी विकृती) चढवतो. हाताला फक्त 'आवाज उघडायचाय' एवढंच माहीत असलं की पुरतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो प्रत्येक मॅक्रोची किमान-कमाल मर्यादा बांधण्यात, आणि खरी मजाही तिथेच आहे. साध्या मिडी सीसीला (वाद्यांच्या मिडी भाषेतला नॉबचं मूल्य पाठवणारा संदेश) ० ते १२७ एवढीच मूल्यं मिळतात. कटऑफ २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ मोकळा सोडला तर ते झाले जवळपास दहा सप्तक. लॉगरिदमिक स्केल (प्रत्येक सप्तकाला सारखी जागा) धरला तर नॉबचा एकेक टप्पा साधारण एका सेमीटोनचा (सप्तकाचा बारावा भाग) पडतो. रेझोनन्स वर असेल तर ते जिने स्पष्ट ऐकू येतात. (काही सिंथ मधले टप्पे स्वतःच गुळगुळीत करून घेतात, सगळे नाही.) तोच कटऑफ २०० हर्ट्झ ते ८ किलोहर्ट्झमध्ये बांधला की टप्पा अर्ध्या सेमीटोनवर येतो, शिवाय नॉब कुठेही थांबला तरी आवाज वापरण्याजोगा राहतो. मला दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो. १४ बिट सीसीने १६३८४ टप्पे मिळतात हे खरं, पण कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर दोघांनीही ते मान्य करावं लागतं. मिडी २.० मध्ये (२०२०) तर ३२ बिट आहेत. माझ्या टेबलावर मात्र अजून मिडी १.० चंच राज्य आहे.

'गर्दी'चं उदाहरण देतो. पहिल्या अर्ध्या फेरीत फक्त डिलेचा (प्रतिध्वनीचा इफेक्ट) सेंड, म्हणजे त्यात जाणारा आवाज, वाढतो. मध्यापासून पुढे फीडबॅक (डिलेचा आवाज पुन्हा त्यातच परत घालणं) चढायला लागतो, तोही ८५ टक्क्यांवर अडवलेला, म्हणजे भरात येऊन नॉब टोकाला नेला तरी डिले स्वतःवरच भडकत नाही. शेवटच्या टप्प्यात रिव्हर्बची (खोलीतल्या घुमण्याचा इफेक्ट) शेपटी लांबते आणि त्याच वेळी मूळ आवाजातला बेस कापला जातो, नाहीतर किकभोवती (ड्रमचा खर्जातला ठोका) चिखल होतो. एका नॉबमागे चार पॅरामीटर, आणि एक त्यातला उलटा चालणारा. असं ताणून बांधलेलं मॅपिंग सुरुवातीला हाताला जड जातं, पण एकदा बसलं की वाद्य वाजवल्यासारखं वाटायला लागतं.

फेडर (सरकपट्ट्या) आणि साधे नॉब वाद्य बदलल्यावर अडतात: सॉफ्टवेअरमधलं मूल्य १००, फेडर २० वर. हात लावला की उडी. यावर 'पिकअप' हा टेकओव्हर मोड (नॉब सॉफ्टवेअरमधल्या मूल्यापर्यंत पोचेपर्यंत काहीच करत नाही) सुरक्षित, पण अंधारात मूल्य नेमकं कुठे पकडलं जाईल ते कळत नाही आणि नॉब मेल्यासारखा वाटतो. 'व्हॅल्यू स्केलिंग' (मूल्य हळूहळू नॉबच्या जागेशी जुळत जातं) त्यापेक्षा बरं. मी शेवटी मॅक्रोंसाठी न थांबता फिरणारे एन्कोडर घेतले आणि फेडर फक्त व्हॉल्यूमला ठेवले. एन्कोडर लावताना रिलेटिव्ह मोड (नॉब किती पावलं फिरला ते सांगणारा; नेमकं मूल्य सांगणारा तो अॅब्सोल्यूट) दोन्हीकडे जुळतोय का बघा. टूज कॉम्प्लिमेंट या पद्धतीत १ म्हणजे एक पाऊल पुढे आणि १२७ म्हणजे एक मागे. बायनरी ऑफसेट या दुसऱ्या पद्धतीत तेच ६५ आणि ६३. सॉफ्टवेअर अ‍ॅब्सोल्यूटवरच राहिलं, तर टूज कॉम्प्लिमेंटवाला नॉब उजवीकडे जरासा हलवला की मूल्य तळाला आणि डावीकडे हलवला की थेट शिखरावर.

टॅब्लेटवरून ओएससी (नेटवर्कवरून मूल्यं पाठवायची मिडीसारखी भाषा) हा पर्याय बाजूला ठेवलाय. रिझोल्यूशन उत्तम, नावंही वाचता येतात, पण ते सहसा यूडीपीवरून (डेटा पोचला का ते न तपासणारी पद्धत) चालतं: वायफायवर पॅकेट हरवलं तर ते पुन्हा येत नाही. नॉबच्या बाबतीत पुढचं मूल्य येऊन निभावतं. नोट-ऑफ (सूर थांबवण्याचा संदेश) हरवला तर सूर अडकून बसतो. शिवाय काचेवर बोटाला काही लागत नाही, त्यामुळे नजर सतत खाली.

पेजेसबाबत (कंट्रोलरची तीच बटणं वेगवेगळ्या कामांना लावणारे संच) एकच नियम पाळतोय: म्यूट, व्हॉल्यूम आणि 'सगळं पूर्ववत' कुठल्याच पेजवर आपली जागा सोडत नाहीत. पूर्ववतसाठी मॅक्रो व्हेरिएशन (सगळ्या मॅक्रोंची साठवलेली स्थिती) वापरतो. मात्र ते झटक्यात उडी मारतं, म्हणून बारच्या पहिल्या मात्रेवर दाबायचं. तिथे ती उडी ड्रॉपसारखी (ताल एकदम परत आदळतो तो क्षण) वाटते. मधेच दाबलं तर सरळ सरळ चूक वाटते.

आता राहिलंय एक्स्प्रेशन पेडल (पायाने मूल्य बदलायचं पेडल). 'लांबी' त्यावर टाकायची आहे, कारण दोन्ही हात गुंतलेले असतानाच नोट्स लांबवाव्याशा वाटतात. पेडलचा टाचेकडचा भाग जवळजवळ काहीच करत नाही आणि शेवटी एकदम चढतो, तेव्हा आधी कर्व्ह (पेडल दाबण्याचं आणि मूल्याचं प्रमाण) सरळ करायचा, मग मर्यादा बांधायच्या.