शेवया, कोळंबी आणि मंगळवारची रात्र

बार्सिलोनाला येऊन दीड वर्ष झालं तरी आमच्याकडे मासे म्हणजे रविवारचं काम, वाटण काढा, नारळ शोधा, तो बरा निघाला तर नशीब, मग कुठे दुपारी दोनला कालवण भात. आठवड्यात डाळखिचडी नाहीतर ऑम्लेट. ऑफिसातली एक कलीग मात्र सारखी सांगायची की फिदेवा कर, पस्तीस मिनिटांत होते. फिदेवा म्हणजे पाएया या इथल्या पसरट पॅनमधल्या भाताचीच बहीण, फक्त तांदळाच्या जागी बारीक नूडल्स. मूळची खाली वालेन्सियाच्या किनाऱ्यावरच्या गांदियाची. सांगतात की मच्छीमार बोटीवर कप्तान एकटाच बराचसा भात संपवायचा म्हणून खानसाम्याने त्यात नूडल्स घातल्या की हा कमी खाईल. खरंखोटं माहीत नाही पण असे कप्तान आपल्याकडेही घरोघर असतात.

तर मी उत्साहाने सोमवारी ऑफिस सुटल्यावर मार्केटात गेले आणि मासळीचा अख्खा भाग बंद, शटर खाली, नुसता ओला वास. शेजारचा ऑलिव्हवाला म्हणाला, अहो सोमवारी कसले मासे, रविवारी बोटीच जात नाहीत समुद्रावर. मला हसूच आलं. आईने जन्मभर आम्हाला सोमवार पाळायला लावला आणि मी सात समुद्रापलीकडे येऊनही तोच पाळतेय.

मंगळवारी परत गेले. संध्याकाळी आमच्या इथे मासळीवाली एकच बाई बसते, बाकीचे सकाळीच आवरून जातात. इथे रांग दिसत नाही ही एक गंमत आहे, सगळे इकडेतिकडे उभे, आपण गेलं की मोठ्याने विचारायचं "ला उल्तिमा?" म्हणजे शेवटची कोण, कोणीतरी हात वर करतं, मग तेवढ्या बाईवर नजर ठेवायची. पहिले काही महिने मला हे कळलंच नव्हतं, मी आपली शहाण्यासारखी गप्प उभी आणि माझ्यानंतर आलेल्या चार आज्या पिशव्या भरून घरी. माझा नंबर आल्यावर बाई म्हणाली, "के एत पोझु, रेइना?" काय देऊ गं राणी. राणी म्हटल्यावर आपण जरा जास्तच घेतो, हे कोळणींनाही चांगलं ठाऊक असतं. ती लालभडक, पालामोस बंदराची कोळंबी बर्फावर बसली होती, भाव बघून तिला नुसता नमस्कार केला आणि साधी मोठी कोळंबी घेतली, बारा नग डोक्यासकट, आणि एक माकूळ साफ करून. डोकी टाकू नका असं मी सांगायच्या आधी तीच म्हणाली, डोकी टाकू नकोस, सगळी चव तिथेच आहे.

घरी आल्यावर आधी ती डोकी आणि सालं तेलात परतली, पळीच्या पाठीने दाबली की आतलं केशरी पाणी तेलात उतरतं आणि घरभर वास सुटतो. वर एक लिटर पाणी, मीठ, एक लॉरेलचं पान. (याला आपण सरसकट तमालपत्र म्हणतो पण ते झाड वेगळं, आपल्या पानाला दालचिनीसारखा वास येतो, याला नाही.) वीस मिनिटं उकळायचं, त्याहून जास्त नको, कडवट होतं म्हणे. हात सवयीने हळदीच्या डब्याकडे गेलाच होता, मागे घेतला.

तेवढ्यात दुसऱ्या पसरट पॅनमध्ये माकुळाचे बारीक तुकडे, ते तेलात गेले की फटाके फुटतात, झाकण ढालीसारखं धरून उभं राहायचं. मग लसूण, मग टोमॅटो. टोमॅटोची इथली पद्धत मला फार आवडली, अर्धा कापायचा आणि किसणीवर घासायचा, गर खाली पडतो आणि साल हातात राहते, ना उकळा ना सोला. तो आटून तेल सुटलं की स्मोक्ड पाप्रिका, म्हणजे धुरावलेल्या लाल मिरचीची पूड. आणि इथेच माझी वाट लागली. पाप्रिका लगेच जळते म्हणून मी शहाणपणाने शेगडी बंद करून ती घातली, पण ही काचेची शेगडी, बंद केली तरी पाच मिनिटं तापलेलीच असते! गॅससारखं बटण फिरवलं आणि विषय संपला असं नाही. बघताबघता सगळं तपकिरी आणि कडू. माकुळाचे तुकडे निवडून धुतले, बाकीचं टाकलं, पुन्हा लसूण टोमॅटो पहिल्यापासून. दुसऱ्यांदा पॅनच उचलून ओट्यावर ठेवला आणि मग पाप्रिका घातली.

आता नूडल्स. दोन माणसांना दोनशे ग्रॅम, बारीक आखूड, बघितल्या तर हाताने वळलेल्या नाहीत एवढाच फरक, बाकी आपल्या शेवयाच. इथे त्या आधी कोरड्याच, तेलात परतून सोनेरी करतात, त्याला कातालान या इथल्या भाषेत रुसेझात म्हणतात. हे मात्र मला कोणी शिकवायला नको होतं. खिरीच्या शेवया भाजताना आई कढईसमोरून हलू द्यायची नाही, एक शेवई काळी झाली तरी खीर गेली म्हणायची. तुपाऐवजी ऑलिव्ह ऑइल, पण वास तोच, मी क्षणभर वेलची शोधायला लागले.

मग सगळं एकत्र, वर अर्धा लिटर उकळता रस्सा, आणि आता हात लावायचा नाही. एकदाही ढवळायचं नाही. नवरा आला आणि आल्याआल्या चमचा घातला.

"अरे ढवळू नकोस!"

"अगं खाली लागेल ना."

"लागायलाच पाहिजे."

खाली जे लागतं त्याला इथे सोकारात म्हणतात, म्हणजे आपली खरवड, आणि त्यावरून घराघरात भांडणं होतात. सात-आठ मिनिटांत रस्सा आटला, शेवटच्या तीन मिनिटांत सोललेली कोळंबी वर मांडली आणि पॅन तसाच ओव्हनच्या ग्रिलखाली. काचेतून बघत बसलो, शेवयांची टोकं हळूहळू वर उठून उभी राहतात, अगदी अंगावर काटा आल्यासारखी. तशी उभी राहिली की झाली.

सोबत आयोली लागते, लसूण, अंडं आणि तेलाची दाट चटणी. ती पहिल्यांदा फुटली, ब्लेंडर घाईने वर उचलला म्हणून. दुसऱ्या ग्लासात नवीन अंडं घेऊन त्यात ती फुटलेली थोडी थोडी ओतली, जमली.

पस्तीस मिनिटं वगैरे काही नाही, सव्वातास लागला. जेवायला नऊ वाजले, पण या गावात नऊ म्हणजे लवकरच. खरवड नवऱ्याने पॅनमधूनच खरवडून खाल्ली, ज्याला मगाशी खाली लागायची काळजी होती तोच. पुढच्या आठवड्यात परत केली तेव्हा पन्नास मिनिटांत झाली, पाप्रिका न जाळता.

त्या पहिल्या मंगळवारी रात्री आईला फोटो पाठवला तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. सकाळी तिचा व्हॉइस मेसेज, "शेवयांत कोळंबी? बरं, काल सोमवार नव्हता ना?" म्हटलं सोमवारी इथे मासे मिळतच नाहीत. म्हणाली, "मग चांगली माणसं आहेत."