पान पिवळं पडलंय? कुठलं?

झाडाचं पान पिवळं दिसलं की माणसाचा हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. कुणी युरिया टाकतं, कुणी बुरशीनाशक मारतं, सावध मंडळी दोन्ही करतात. ‘पान पिवळं पडलंय, काय फवारू?’ या प्रश्नाला खरं तर उत्तरच नसतं. उलट विचारावं लागतं, कुठलं पान? खालचं जून की शेंड्याचं कोवळं?

निम्मं निदान इथेच होतं. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाडाच्या अंगात फिरतात. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याला पुरवतं. घरातल्या थोरांनी पोटाला चिमटा काढून पोरांना वाढावं, तसं. म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन मात्र जिथे बसले तिथून सहसा हलत नाहीत. त्यांची टंचाई पहिल्यांदा कोवळ्या शेंड्यावर दिसते.

मग पान उजेडासमोर धरायचं. खालचं सगळं पान सारखंच फिकट असेल तर नत्र कमी. त्याच्या कडा करपत आल्या असतील तर पालाश. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर पुन्हा तोच प्रश्न. जुन्या पानावर असेल तर मॅग्नेशियम, शेंड्याला असेल तर बहुधा लोह. लोहाचं पान निरखून बघावं असं असतं. बारीकातली बारीक शीरही हिरवी, सगळी जाळी मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. कमतरता वाढली की जाळी पुसत जाते आणि पान जवळजवळ पांढरं पडतं.

गंमत म्हणजे मातीत लोह बहुतेक वेळा भरपूर असतं. मातीचा सामू (पीएच) 7.5 च्या वर गेला, त्यात चुनखडी असली, की ते मुळांना मिळेनासं होतं. अशा जागी फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार, मातीत ओतणं म्हणजे अक्षरशः पैसे मातीत घालणं. चिलेट म्हणजे लोह धरून ठेवणारं खत; त्यातलं ईडीटीए प्रकारचंही तिथे टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं टिकतं. तात्पुरता इलाज म्हणून लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 1 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून ऊन उतरल्यावर फवारावं. गुण आला का ते नव्या पानांवर बघायचं. फार पिवळी पडलेली जुनी पानं पुन्हा हिरवी होतीलच असं नाही.

कमतरता शिस्तीत येते. पानाच्या दोन्ही अर्ध्यांवर सारखी, एका वयाच्या सगळ्या पानांवर. रोगाला शिस्त नाही. एका अर्ध्यावर ठिपके, शेजारची फांदी ठणठणीत. भुरी या रोगाची पूड पांढरी, बोटानं पुसली जाते. काकडीवरच्या केवडा या रोगात वरून शिरांनी अडवलेले कोनाकृती पिवळे डाग आणि पान उलटलं की करडी-जांभळट बुरशी. पान उलटून न बघता फवारणारे इथेच फसतात, कारण भुरीवर चालणारं गंधक केवड्याला लागू पडत नाही. शिवाय काकडीवर्गातल्या काही वेली गंधकाला हळव्या असतात आणि पारा 32 अंशांच्या पुढे असताना ते इतर पिकांचीही पानं जाळू शकतं.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे कोमेजणं. माती ओली असूनही टोमॅटो माना टाकत असेल तर आणखी पाणी घालू नये. बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून त्याचं टोक काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात बुडवून धरावं. काही मिनिटांत कापातून दुधाळ धागा खाली उतरू लागला तर तो जिवाणूजन्य मर, म्हणजे झाड कोमेजवून मारणारा रोग. त्यावर फवारणी नाही. झाड मुळासकट काढून लांब न्यावं आणि त्या जागी टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा लावू नये. धागा नाही, पण खोड उभं चिरल्यावर सालीखाली तपकिरी रेघा दिसल्या तर संशय बुरशीजन्य मरीवर. दोन्ही नसेल आणि मूळ चिमटीत धरून ओढल्यावर त्याची कुजकी साल मोज्यागत निघून येत असेल, तर पाणी जास्त झालंय. निचरा मोकळा करा आणि वरची दोन बोटं माती सुकेपर्यंत पाणी देऊ नका.