किनाऱ्यावर पोलिसांची पॅरामोटर: आधी वारा बघा

गणपतीपुळ्याला कुणी पाण्यात ओढला गेला की किनाऱ्यावरच्या पोलिसाला समोर नुसता फेस दिसतो. तेच ५० मीटर उंचीवरून फुटणाऱ्या लाटांमधला काळपट पट्टा, म्हणजे बाहेर ओढणारा प्रवाह, सहज ओळखू येतो. माणूस कुठल्या बाजूला गेला असेल हे बोटीला सांगणं, हे पॅरामोटरचं, म्हणजे इंजिन आणि पंख्याच्या जोरावर कापडी छत्रीखाली उडणाऱ्या यंत्राचं, खरं काम. चोरून पाळत ठेवायला ती निरुपयोगी. खाडीत वाळू उपसणाऱ्यांना आवाज आधीच पोचतो.

यासाठी दोन आसनी ट्राइकच, म्हणजे तीन चाकी सांगाड्याची पॅरामोटर, घ्यावी. एकट्या पायलटचे दोन्ही हात ब्रेकवर, म्हणजे छत्री वळवायच्या दोऱ्यांवर, आणि त्यातल्याच एकात थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करायचा खटका. दुर्बीण आणि वायरलेस धरणार कोण? दुसऱ्या आसनावर प्रशिक्षित पोलिस शिपाई हवा.

आता वारा. सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, आणि सुरूच्या बनामागे पुळणीवरच त्याचे भोवरे पडतात. म्हणून पुळणीवरून उडताना-उतरताना झाडांच्या उंचीच्या दहापट अंतर सोडायचं, म्हणजे १५ मीटरच्या सुरूपासून १५० मीटर. एवढी घट्ट वाळू ओहोटीलाच मिळते, म्हणून भरती-ओहोटीचं कोष्टक हवामानाइतकंच महत्त्वाचं. दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे जोर धरायच्या आत खाली उतरावं.

इंजिन बंद पडलं तर २०० मीटरवरून शांत हवेत साधारण एक किलोमीटर तरंगत येता येतं. तोंडावर ताशी १० किमीचा मतलई असेल तर जेमतेम पाऊण. म्हणून किनाऱ्यापासून उंचीच्या दुपटीपेक्षा लांब जाऊच नये, वरिष्ठांनी कितीही आग्रह केला तरी. अंगावरचं लाइफ जॅकेट पुरत नाही: मोटर खाली ओढते, दोऱ्या पायांत अडकतात. सांगाड्याला पाण्यात आपोआप फुगणारे फ्लोट आणि हाताशी दोरी कापायचा हुक-चाकू, दोन्ही आवश्यकच.

खारं पाणी गुपचूप नुकसान करतं. एक्झॉस्टच्या स्प्रिंगा आणि कॅरॅबिनर (छत्री सांगाड्याला जोडणाऱ्या कड्या) गंजतात, उडालेल्या वाळूने पंख्याची कड खडबडीत होते. उतरल्यावर सांगाडा गोड्या पाण्याने पुसावा, पंख्याच्या कडेची टेप तपासावी, विंग, म्हणजे कापडी छत्री, सावलीत वाळवावी.

रत्नागिरीत तटरक्षक दलाची धावपट्टी, सिंधुदुर्गात चिपी विमानतळ. त्यांच्या नियंत्रण कक्षाशी समन्वय झाल्याशिवाय उड्डाण नको. पावसाळ्यात, समुद्र सर्वांत घातक असतो तेव्हा, पॅरामोटर उडवायचीच नाही. त्या चार महिन्यांसाठी जीवरक्षक आणि दोर वेगळे मंजूर करून घ्यावेत.