३०० मीटर खाली: पहिल्या दिवशी रद्द, दुसऱ्या दिवशी बुडी

पर्यटकांच्या छोट्या पाणबुडीतून समुद्रात ३०० मीटर खाली जायचं होतं, पण पहिल्या दिवशी आम्ही खाली गेलोच नाही. बूट-कॅमेऱ्यासकट प्रत्येकाचं वजन करून झालं होतं, पाणबुडी क्रेनला लटकत होती आणि तपासणीची यादी मोठ्याने वाचता वाचता पायलट बाई मध्येच थांबल्या. आतल्या दोन ऑक्सिजन मीटरांचे आकडे जुळत नव्हते. "किरकोळ तर फरक आहे," साठीचे एक गृहस्थ म्हणाले. "दोघांतला कोणता खोटं बोलतोय ते कळल्याशिवाय हॅच, म्हणजे आत जायचं झाकण, लागणार नाही," बाई म्हणाल्या आणि विषय संपला. मीही मनातल्या मनात चरफडलो. आज मात्र बुडी घडवणाऱ्या त्या मंडळींचं काय आवडलं असं कुणी विचारलं, तर मी आधी ही रद्द झालेली बुडी सांगतो.

दुसऱ्या दिवशी मीटर बदलून गेलो. जाड ॲक्रिलिकचा पारदर्शक गोळा, आत पायलट धरून तिघं. गोळा पाण्यात शिरला की त्याची भिंत जवळजवळ दिसेनाशी होते. मासा जवळ आला म्हणून हात पुढे केला तर बोटं गार भिंतीवर आपटली. थोडं खाली गेल्यावर सोबत्याचं लाल जॅकेट मळकट तपकिरी दिसायला लागलं, पुढे निळाही विझत गेला. कान दुखत नाहीत, कारण आतली हवा जमिनीवरच्याच दाबाची असते. बाहेर मात्र दर १० मीटरला साधारण एक वातावरणाइतका दाब वाढतो. ३०० मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला तीस किलोहून जास्त भार. बाई ठरावीक वेळाने वरच्या जहाजाला खोली, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड कळवत होत्या. अगदी रुक्ष आवाजात, आणि तो आवाज ऐकून फार बरं वाटायचं.

साहजिकच 'टायटन' ही पाणबुडी आठवत होती. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिककडे, म्हणजे सुमारे ३,८०० मीटरवर जाताना ती चिरडली आणि पाचही जण गेले. तिचा मधला भाग कार्बन फायबरचा होता. हे द्रव्य ताण छान सोसतं, पण चहूबाजूंचा दाब वारंवार पडत गेला की आतून कुठे सुटत जाईल याचा नेम नाही. कोणत्याही वर्गीकरण संस्थेचा, म्हणजे जहाजं-पाणबुड्या तपासून दाखला देणाऱ्या संस्थेचा, दाखला तिला नव्हता. २०१८ मध्येच जाणकारांनी इशारा दिला होता. जुलै २०२२ च्या एका बुडीत वर येताना मोठा आवाज झाला, तरी पुढच्या वर्षी तीच पाणबुडी पुन्हा पाण्यात. मधला हिवाळा तिने उघड्यावर काढला. अमेरिकी तटरक्षक दलाने २०२५ च्या अहवालात हा अपघात टाळता आला असता असं म्हटलं. आणखी एक गोष्ट: पैसे भरून आलेल्यांना तिथे प्रवासी न म्हणता 'मिशन स्पेशालिस्ट' म्हणायचे. तुमच्या करारात तुम्हाला काय म्हटलंय ते नीट वाचा, मग सही करा.

खोल नाही म्हणजे धोका नाही, असंही नाही. मार्च २०२५ मध्ये इजिप्तमधल्या हुरघाडाच्या किनाऱ्याजवळ पर्यटक पाणबुडी बुडून सहा जण गेले.

जाणार असाल तर पैसे भरण्याआधी दाखला मागा: डीएनव्ही, लॉइड्स रजिस्टर, एबीएस अशा संस्थेचा, त्याच पाणबुडीचा, चालू मुदतीचा आणि त्यावर खोलीची मर्यादा लिहिलेला. 'आमचं तंत्रज्ञान नियमांच्या पुढचं आहे' असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. हॅच आतून उघडतो का, तेही विचारा. टायटनचा बाहेरून बोल्टने बंद केलेला असायचा.

'ऑक्सिजन किती तासांचा?' हा प्रश्न सगळे विचारतात, पण तो अर्धाच आहे. १९७३ मध्ये फ्लोरिडाजवळ 'जॉन्सन सी लिंक' ही छोटी पाणबुडी बुडालेल्या जहाजाच्या अवशेषांत अडकली. मागच्या कक्षात श्वासातून साचणारा कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन थंडीमुळे नीट चालेना आणि तिथले दोघं गेले. म्हणून शोषकाची क्षमता विचारा, आणि बुडी एखाद्या बुडालेल्या जहाजाजवळ असेल तर अडकल्यावर सोडवायला कोण येणार हेही. त्याच वर्षी आयर्लंडजवळ ४८० मीटरवर अडकलेल्या 'पायसीस ३' या पाणबुडीमधल्या दोघांना ७६ तासांनी वर काढलं, तेव्हा जेमतेम १२ मिनिटांचा ऑक्सिजन उरला होता. मदतीला आलेली वाहनं तितक्या खोलवर पोहोचू शकत होती, म्हणून ते वाचले. आमच्या बाईंनी याचं उत्तर न अडखळता दिलं: कोणतं वाहन, कुठे उभं, यायला किती तास.

बाकी किरकोळ. आत गारठा असतो, स्वेटर आणि जाड मोजे हवेतच. लायटर, स्प्रे, अत्तर वर ठेवा. चढण्याआधी शौचाला जाऊन या, आत सोय नाही. बंद जागेची भीती वाटत असेल तर जहाजावरच हॅच लावून दहा मिनिटं बसवा म्हणावं. आमच्यातले ते साठीचे गृहस्थ चौथ्या मिनिटाला उतरले. रबरी बोटीतून पाणबुडीवर पाय टाकताना दोन्ही हात मोकळे ठेवा, तिथे फार घसरतं. आणि मळमळीची गोळी आधीच घ्या: खाली सगळं शांत, पण वर आल्यावर क्रेनचा हुक लागेपर्यंत तो गोळा वीस मिनिटं लाटांवर असा हेलकावत होता की मी कागदी पिशवी शोधत होतो.